अजिंक्य घोड्याची खोड

१/२०
एकदाही न हरलेल्या घोड्यावर पैसे लावणारा माणूस बहुधा तीन वेगवेगळी विधाने एकच समजतो. घोडा शरीराने निर्दोष आहे. घोडा आजवर हरलेला नाही. आणि त्याच्यावर लावलेला पैसा सुरक्षित आहे. यांतले मधले विधान तेवढे सिद्ध झालेले असते. उरलेली दोन त्याच्या आधाराने गृहीत धरली जातात. ठाण्याच्या जुन्या बंदरापासून महालक्ष्मीच्या मैदानापर्यंतचा घोड्यांचा इतिहास पाहिला, की हे गृहीतक किती कच्चे आहे ते दिसते.

२/२०
आरंभ ठाण्यापासूनच करावा लागतो. उल्हास नदीच्या खाडीवर वसलेली कल्याण आणि ठाणे ही दोन्ही सागरी व्यापाराची जुनी ठिकाणे. कल्याणचा उल्लेख इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात आहे. ठाणे, म्हणजे शिलालेखांतील श्रीस्थानक, ही उत्तर कोकणच्या शिलाहारांची राजधानी. तेराव्या शतकाच्या अखेरच्या काळाचे वर्णन करणाऱ्या मार्को पोलोच्या प्रवासवृत्तात ठाण्याच्या राज्यावर एक लहानसे प्रकरण आहे. त्यातील सर्वांत चमत्कारिक माहिती घोड्यांविषयीची आहे.

३/२०
पोलो सांगतो की ठाण्याच्या राजाचे समुद्री चाच्यांशी संगनमत होते. लुटीतला इतर माल चाच्यांनी ठेवावा, मात्र हाती लागलेला प्रत्येक घोडा राजाला द्यावा, असा करार होता. कारण राजाकडे स्वतःचे घोडे नव्हते आणि हिंदुस्थानकडे येणाऱ्या जहाजांतून घोडे सर्रास आणले जात. सोने, मोती, कापड सोडून राजा घोडेच मागतो, यावरून त्या काळच्या घोड्याचे मोल समजते. पण या राजाला हवा असलेला घोडा शर्यत जिंकणारा नव्हता. समुद्रप्रवास सोसून जिवंत राहिलेला, कोकणच्या दमट हवेत टिकणारा आणि पाठीवर स्वार घेणारा घोडा त्याला हवा होता.

४/२०
‘निर्दोष’ हा शब्द मुळात अशा खरेदीदाराचा आहे. मराठीत घोड्याच्या दोषांसाठी ‘खोड’ आणि ‘ऐब’ हे शब्द रुळले ते याच व्यवहारातून. अंगावरचे भोवरे कोठे आहेत, चारही पाय आणि तोंड पांढरे असलेला पंचकल्याणी आहे काय, दात किती, खूर कसे, हे पाहून घोडा घेतला जाई. यांतली काही लक्षणे शरीरशास्त्राची, काही निव्वळ शकुनाची. मराठा फौजेतल्या शिलेदाराचा घोडा त्याच्या स्वतःच्या मालकीचा असे. घोडा मेला तर उपजीविकेचे साधनच जाई. त्यामुळे त्याची परीक्षा कठोर होती, आणि ती घोड्याच्या कीर्तीवर थांबत नसे.

५/२०
तरीही डोळ्यांनी केलेली परीक्षा फसते, याची जाणीव भारतीय परंपरेत फार जुनी आहे. महाभारताच्या वनपर्वातील नलोपाख्यान पाहावे. अयोध्येहून विदर्भातील कुंडिनपुरास एका दिवसात पोहोचायचे असते. बाहुक या नावाने सारथी झालेला नळ ऋतुपर्ण राजाच्या तबेल्यातून जे घोडे निवडतो, ते दिसायला कृश असतात. राजा संतापतो, असले दुबळे घोडे हा पल्ला कसा गाठणार, असे विचारतो. नळाने मात्र त्यांच्या अंगावरचे आवर्त आणि त्यांची जात पाहिलेली असते. घोडे वेळेवर पोहोचतात. राजाला जो दोष दिसला, तो दोष नव्हताच.

६/२०
याच कथेत पैज लावणाऱ्यांसाठी आणखी मोठी गोष्ट आहे. अश्वविद्येत नळाची बरोबरी करणारा कोणी नाही, आणि तोच नळ द्यूतात सर्वस्व गमावून बसलेला आहे. वाटेत बेहड्याच्या झाडाखाली ऋतुपर्ण त्याला अक्षहृदय, म्हणजे फाशांचे मर्म शिकवतो. नळ बदल्यात अश्वहृदय देऊ करतो. कथाकाराने ही दोन शास्त्रे निरनिराळी ठेवली आहेत आणि दोन निरनिराळ्या माणसांकडे दिली आहेत. घोडा ओळखता येणे ही एक विद्या. पैजेचा हिशेब कळणे ही दुसरी. पहिली येते म्हणून दुसरीही येते, या समजुतीने नळाचे राज्य गेलेले नसेल. पण पहिलीने ते वाचवलेही नाही.

७/२०
आता अजिंक्य घोड्यांकडे यावे. संघटित घोडाशर्यत आणि तिच्या काटेकोर नोंदी यांची आधुनिक परंपरा इंग्लंडात घडली, म्हणून पहिले प्रसिद्ध उदाहरणही तिथलेच. १७६४च्या सूर्यग्रहणाच्या वेळी जन्मलेल्या एका घोड्याचे नाव ‘एक्लिप्स’ ठेवले गेले. तो १७६९ साली एप्सम येथे पहिल्यांदा धावला. एकूण १८ शर्यती, १८ विजय. त्याच्या पहिल्याच दिवसाची कथा अशी, की डेनिस ओकेली याने तो जिंकेल एवढ्यावरच पैज लावली नाही. बाकीचे सारे घोडे इतके मागे पडतील की त्यांना क्रमांकच मिळणार नाही, असे त्याने बजावले. विजय जवळजवळ निश्चित वाटू लागताच पैज ‘जिंकेल काय’ यावरून ‘किती अंतराने’ यावर सरकली.

८/२०
एक्लिप्स १७८९ साली मेला. त्याचे शवविच्छेदन शार्ल व्हिआल द सेंबेल या फ्रेंच पशुवैद्याने केले. १७९१ साली लंडनमध्ये स्थापन झालेल्या पशुवैद्यक महाविद्यालयाचा तोच पहिला प्रमुख. त्याने घोड्याचे अंगप्रत्यंग मोजले आणि आदर्श घोड्याच्या प्रमाणांचे जे कोष्टक फ्रान्समध्ये शिकवले जाई, त्याच्याशी ते ताडून पाहिले. मापे जुळली नाहीत. कधीही न हरलेला घोडा पाठ्यपुस्तकाच्या दृष्टीने सदोष ठरत होता. अयोध्येच्या राजाला कृश वाटलेले घोडे आणि एक्लिप्सचा सांगाडा यांची साक्ष एकच आहे: दोष ठरवणारी मापे आणि वेग ठरवणारी कारणे एकमेकांशी नेहमी जुळत नाहीत.

९/२०
याच्या उलट उदाहरण ‘ऑर्मंड’चे. १६ शर्यती, १६ विजय. १८८६ साली इंग्लंडचा तिहेरी मुकुट. पण त्याच वर्षाच्या सुमारास त्याला श्वासाचा विकार जडला. धावताना घशातून घरघर ऐकू येई. घोडेवाल्यांच्या जगात हा गंभीर दोष मानला जातो, कारण फुप्फुसांत पुरेशी हवा जात नाही. ऑर्मंड हा दोष घेऊन १८८७ मध्येही धावला आणि जिंकला. म्हणजे ‘अपराजित म्हणून निर्दोष’ हे समीकरण निव्वळ तर्काने नव्हे, नोंदींनीच खोटे ठरते. पुढे पैदाशीतही त्याची प्रजा अगदी थोडी झाली. विक्रम डागाविना राहिला. घोडा तसा नव्हता.

१०/२०
विक्रमाबद्दल आणखी एक प्रश्न विचारावा लागतो: हा घोडा कोणाविरुद्ध हरला नाही? एक्लिप्सच्या कारकिर्दीतील अनेक विजय वॉकओव्हरचे होते. प्रतिस्पर्धी उतरलेच नाहीत. हा प्रश्न ठाणे-रायगड पट्ट्यातील बैलांच्या शौकिनांना नवा वाटू नये. तिथल्या ‘बिनजोड’ शर्यतीच्या नावाचाच अर्थ ज्याला जोड नाही असा. पण बिनजोड ठरण्यासाठी समोर कोणती जोडी उभी राहिली, हे पाहावेच लागते. २०१४च्या बंदीनंतर सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२१ मध्ये अटींसह या शर्यतींना परवानगी दिली आणि मे २०२३ मध्ये त्यासंबंधीचा कायदा वैध ठरवला. शर्यतीला मान्यता मिळाली. तिच्यावरच्या पैजेला मात्र कायद्याचा आधार नाही.

११/२०
घोड्यांच्या शर्यतीत तर अजिंक्यपणा टिकू नये अशी व्यवस्थाच केलेली असते. हँडिकॅप शर्यतीत चांगल्या घोड्यावर अधिक वजन लादले जाते. जिंकत गेला की वजन वाढते, हरत गेला की कमी होते. सगळे घोडे शेवटच्या खांबाजवळ एकदम यावेत, हा यामागचा आदर्श. मोठ्या मानाच्या शर्यतींत बहुधा असे नसते. तेथे वय आणि लिंग पाहून ठरावीक वजन दिले जाते. त्यामुळे ‘दहापैकी दहा विजय’ या आकड्याला शर्यतीचा प्रकार, वजन, अंतर आणि मैदानाची स्थिती जोडल्याशिवाय अर्थ येत नाही. कोरड्या मैदानावरचा अजिंक्य घोडा चिखलात उतरला, की तो जणू नव्याने परीक्षेला बसतो.

१२/२०
निकालाचा तक्ता आणखी एक गोष्ट लपवतो: हरता हरता वाचल्याचे क्षण. ऑस्ट्रेलियाची ‘ब्लॅक कॅव्हियार’ ही घोडी २५ पैकी २५ शर्यती जिंकून २०१३ मध्ये निवृत्त झाली. पण जून २०१२ मध्ये इंग्लंडातील रॉयल ॲस्कॉट येथे जॉकीने शेवटच्या टप्प्यात तिला अकाली सैल सोडले आणि ती अवघ्या एका डोक्याच्या अंतराने जिंकली. नंतर तिच्या स्नायूंना इजा झाल्याचे आढळले. ‘फ्रँकेल’ १४ पैकी १४ जिंकला. मात्र जून २०११ मध्ये तो फार लवकर आघाडीला नेला गेला आणि शेवटी पाऊण लांबीनेच तरला. तक्त्यावर या दोन्ही दिवशी ‘१’ असाच आकडा आहे.

१३/२०
आता तिसरे विधान: पैसा सुरक्षित आहे काय? एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी मुंबईच्या शर्यती भायखळ्यात होत. आखातातून अरबी घोडे मुंबईत उतरत. ज्या समुद्रमार्गावर ठाण्याच्या राजाची नजर होती, त्याच मार्गाने. पुढे १८८३ साली महालक्ष्मीचे मैदान उभे राहिले. कल्याण-डोंबिवलीहून दादरला गाडी बदलून तिथे पोहोचणाऱ्या शौकिनाला दोन वाटा दिसतात: बुकी आणि टोट. बुकी आपला भाव सांगतो. टोटमध्ये सर्वांचा पैसा एकत्र होतो, त्यातून कर आणि वाटा कापला जातो, आणि उरलेली रक्कम जिंकणाऱ्यांत वाटली जाते. दोन्हीकडे विकत मिळतो तो भाव. घोडा मालकाचाच राहतो.

१४/२०
भाव काय करतो ते फ्रँकेलच्याच उदाहरणाने पाहावे. ऑगस्ट २०१२ मध्ये गुडवुड येथील ससेक्स स्टेक्समध्ये त्याचा भाव होता वीसास एक. म्हणजे २० रुपये लावावे तेव्हा जिंकल्यास एक रुपया नफा. तो सहज जिंकला. पण त्या भावाने लावणाऱ्याचा हिशेब असा: सलग वीस विजयांनी मिळवलेले सारे एकविसाव्या शर्यतीतल्या एका पराभवाने जाते. नुकसान टाळायचे तर घोडा जिंकण्याची शक्यता निदान ९५.२ टक्के असली पाहिजे. त्याहून एक टक्का कमी असली, तरी घोडा उत्तम आणि पैज वाईट, अशी स्थिती होते.

१५/२०
अशी शक्यता मोजण्याचा एक ढोबळ नियम लाप्लास या फ्रेंच गणितज्ञाने अठराव्या शतकात दिला. सलग विजयांच्या संख्येत एक मिळवावा, तो अंश. दोन मिळवावे, तो छेद. त्या दिवशी फ्रँकेलचे ११ विजय झालेले होते. उत्तर १२/१३, म्हणजे सुमारे ९२.३ टक्के. हा नियम फ्रँकेलवर अन्याय करतो, हे खरे. आधीचीच शर्यत तो ११ लांबींनी जिंकला होता आणि लाप्लासच्या नियमाला अंतर दिसत नाही. परंतु नियमाचा गाभा खोटा नाही. विजयांची रांग कितीही लांब झाली, तरी उत्तर शंभर टक्क्यांच्या जवळ जाते; तेथे पोहोचत नाही.

१६/२०
बाजार मात्र कधी कधी तेथे पोहोचतो. जपानचा ‘डीप इम्पॅक्ट’ ऑक्टोबर २००५ मध्ये किक्का शो ही शर्यत जिंकला, आणि अपराजित राहून जपानचा तिहेरी मुकुट त्याने पुरा केला. त्याच्या विजयावर १०० येन लावणाऱ्यांना परत मिळाले १०० येन. नफा शून्य. सर्वांचाच विश्वास इतका दृढ होता, की त्या विश्वासाने स्वतःचे बक्षीस खाऊन टाकले. दोन महिन्यांनी, डिसेंबरमध्ये, अरिमा किनेन शर्यतीत ‘हार्ट्स क्राय’ने त्याला हरवले. सात विजयांनंतरचा तो पहिला पराभव. घोडा पूर्वीचाच होता. ‘निर्दोष’ हे विशेषण तेवढे गळून पडले.

१७/२०
यावर एक गंभीर आक्षेप आहे. १९९६ साली के. आर. लक्ष्मणन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने घोडाशर्यत हा प्रामुख्याने कौशल्याचा खेळ मानला. घोड्याचे कूळ, त्याची पूर्वकामगिरी, वजन, जॉकी यांचा अभ्यास करून अंदाज बांधता येतो. मग पूर्वकामगिरीतील सर्वोत्तम खूण, म्हणजे अजिंक्यपणा, तिच्यावर का विसंबू नये? उत्तर असे, की जरूर विसंबावे. पण ती खूण साऱ्या मैदानाला दिसते. सर्वांना ठाऊक असलेली माहिती भावात आधीच मुरलेली असते. कौशल्य असते ते भावात न उतरलेली गोष्ट हेरण्यात: थकवा, बदललेले अंतर, नवा जॉकी, ओले मैदान. अजिंक्यपणाचे तेज नेमके या गोष्टी पाहू देत नाही.

१८/२०
जाणकारांनी पराभवाला किती महत्त्व दिले, हेही पाहण्यासारखे आहे. अमेरिकेतील ‘मॅन ओ’ वॉर’ २१ पैकी एक शर्यत हरला. ऑगस्ट १९१९ मध्ये साराटोगा येथे ‘अपसेट’ नावाच्या घोड्याने त्याला मागे टाकले. ‘कॉलिन’ मात्र १५ पैकी १५ जिंकला. १९९९ मध्ये ‘ब्लड-हॉर्स’ या नियतकालिकाने विसाव्या शतकातील शंभर श्रेष्ठ अमेरिकी घोड्यांची यादी केली, तेव्हा मॅन ओ’ वॉर पहिला आला आणि कॉलिन पंधरावा. पराभवाचा डाग असलेला घोडा डागविरहित घोड्याच्या चौदा पायऱ्या वर. श्रेष्ठता मोजताना परीक्षकांनी शून्य पराभव हा एकमेव निकष धरला नाही.

१९/२०
इतिहासप्रेमींनी हा धडा घोड्यांपुरता ठेवू नये. थोरला बाजीराव रणांगणात अजिंक्य राहिला, हे अभिमानाने सांगितले जाते आणि ते योग्यच आहे. परंतु त्याच बाजीरावाने ब्रह्मेंद्रस्वामींना लिहिलेल्या पत्रांत कर्जाने जीव मेटाकुटीस आल्याची व्यथा आहे. विजयांची यादी ती दाखवत नाही. उलट बाजू ठाण्याच्या मातीतच आहे. मराठ्यांनी ठाणे १७३७ मध्ये घेतले, पण वसई पडायला मे १७३९ उजाडला. मधल्या काळात वसईवरचे हल्ले फसले, माणसे गेली. चिमाजी अप्पांची मोहीम म्हणून उणी ठरत नाही. फसलेले हल्ले पचवून पुन्हा उभे राहणे हे तिचे मोठेपण. ‘अजिंक्य’ या एका शब्दाच्या मापाने ते मोजताच येत नाही.

२०/२०
तेव्हा मूळ प्रश्नाचे उत्तर: नाही. अजिंक्य घोड्याला पैज लावणाऱ्याने निर्दोष मानू नये. दोष शोधणे हे खरेदीदाराचे काम, आणि त्यासाठी घोड्याच्या श्वासापर्यंत जावे लागते. विजय मोजणे हे प्रेक्षकाचे सुख, आणि ते त्याने मनसोक्त भोगावे. पैज लावणाऱ्यापुढे एकच प्रश्न असतो: या भावाने, आज, या मैदानावर, हा धोका पत्करण्याजोगा आहे काय? घोडा जितका थोर, तितके या प्रश्नाचे उत्तर बहुधा नकारार्थी येते, कारण त्याच्या थोरवीची किंमत गर्दीने आधीच चुकवलेली असते. अशा दिवशी पैसे खिशातच ठेवावेत, कठड्यापाशी उभे राहावे आणि एक विलक्षण घोडा धावताना पाहावा.